इनोसंट, प्युअर, चेस्ट, नाईव्ह: यांतला फरक कोणती डिक्शनरी नीट सांगते? माझा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. इंग्रजीतले एकमेकांना खेटून बसलेले शब्द वेगळे करून समजून घ्यायचे असतील तर मेरियम-वेबस्टरच्या ऑनलाईन डिक्शनरीत समानार्थी शब्दांची जी छोटी चौकट येते ती वाचा, जोडीला एखादी लर्नर्स डिक्शनरी (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत केलेली) उघडी ठेवा, आणि एक शब्द टाकला की वीस शब्दांची रांग काढून देणारं जे फुकट थिसॉरस अ‍ॅप फोनमध्ये असतं ते फक्त ओठांवर येऊन अडकलेला शब्द आठवायला वापरा, बाकी कशालाही नको.

परीक्षा घ्यायला मी मुद्दाम एकच गोतावळा निवडला, निरागसपणा आणि शुद्धतेचा. इनोसंट, प्युअर, चेस्ट (chaste), नाईव्ह, इन्जेन्युअस, गाईललेस, व्हर्जिन, इमॅक्युलेट, कॅन्डिड, सिन्सिअर, प्रिस्टीन असे सगळे. माझं काम भाषांतराचं आणि दुसऱ्यांचं इंग्रजी तपासायचं, आणि मला विचाराल तर डिक्शनरीची खरी कसोटी टेबल-खुर्चीसारख्या शब्दांवर लागतच नाही, ते कुणीही सांगतं. कसोटी लागते ती अशा ठिकाणी जिथे शब्द चुकला तर वाक्य नुसतं बेढब होत नाही तर माणसाचा अपमान होतो. एखाद्या बाईंबद्दल त्या इनोसंट आहेत म्हणणं आणि त्या नाईव्ह आहेत म्हणणं, यात पहिल्या वाक्यात त्यांनी काही वाईट केलेलं नाही आणि दुसऱ्यात त्यांना जगाची अक्कल नाही. दोन्हीचं मराठी करताना आपण बिनधास्त ‘निरागस’ लिहून मोकळे होतो.

आधी त्या रांगवाल्या अ‍ॅपबद्दल. नाव घेत नाही, कारण एक असं नाहीच, सगळी एकाच साच्यातली आहेत. इनोसंट टाकलं की ब्लेमलेस, गिल्टलेस, प्युअर, चेस्ट, नाईव्ह, गलिबल, हार्मलेस, व्हर्जिनल असं सगळं एका आकाराच्या अक्षरात एका खाली एक येतं. मीठ, साखर आणि तुरटी, तिन्ही पांढरी म्हणून लेबल न लावता एकाच फळीवर ठेवावीत तसं. ज्याला फरक आधीच माहिती आहे त्याला ही रांग उपयोगाची आहे, त्याला आठवण करून दिली की पुरतं, पण शिकणारा माणूस त्यातला सगळ्यात भारदस्त दिसणारा शब्द उचलतो आणि तिथेच घात होतो.

आणि यात मूळ थिसॉरसची काही चूक नाही हे मला आवर्जून सांगायचंय. पीटर मार्क रॉजे हा पेशाने डॉक्टर, त्याने 1805 साली स्वतःच्या वापरासाठी शब्द गोळा करून लावायला सुरुवात केली आणि पुस्तक छापून आलं 1852 मध्ये. त्याने शब्द आद्याक्षराने लावलेच नव्हते, कल्पनांनुसार लावले होते, आणि कल्पनांच्या विरुद्ध जोड्या केल्या होत्या. इनोसन्स गिल्टच्या समोर. प्युरिटी इम्प्युरिटीच्या समोर, वेगळ्या जागी. म्हणजे इनोसंट आणि प्युअर हे एकाच घरातले नाहीत हे त्या मांडणीतूनच कळायचं, एक अपराधाच्या उलट आणि दुसरा मिसळीच्या, डागाच्या उलट. हे पुस्तक अ‍ॅपमध्ये उतरवताना ती मांडणीच गेली, नुसते शब्द उरले. माझ्या मते त्या पुस्तकातली सगळ्यात किमती गोष्ट मांडणीच होती.

आता मेरियम-वेबस्टर. थोडी पार्श्वभूमी, कारण ती या विषयाला धरून आहे. नोआ वेबस्टरने त्याची मोठी डिक्शनरी काढली 1828 मध्ये, 1843 मध्ये तो गेल्यावर मेरियम बंधूंनी हक्क घेतले, आणि 1942 मध्ये याच कंपनीने समानार्थी शब्दांचा स्वतंत्र कोश काढला ज्यात एकेका गटातल्या शब्दांचा फरक परिच्छेदांतून समजावला होता. आजच्या वेबसाईटवरची चौकट म्हणजे त्याच परंपरेचं अगदी आटोपशीर रूप. आणि एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, हाच वेबस्टर शब्दांच्या शुद्धतेबद्दल इतका हळवा होता की 1833 मध्ये त्याने बायबलची स्वतःची आवृत्ती काढली आणि त्यातले त्याला असभ्य वाटलेले शब्द बदलून सौम्य केले.

चेस्ट टाकून बघा. (उच्चार ‘ए’ लांबवून, नाहीतर छाती होईल, शेजारी स्पीकरचं बटण आहे ते दाबा.) चौकटीत चेस्ट, प्युअर, मॉडेस्ट आणि डीसेंट हे चार शब्द एकत्र घेतलेत आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. चेस्टमध्ये आवर घालणं आहे, म्हणजे इच्छा असू शकते, संधी असू शकते, पण माणूस मर्यादेत राहतो. प्युअरमध्ये मोहच नाही, आवरायला काही नाहीच. मॉडेस्ट आणि डीसेंट हे जास्त करून वागण्याला आणि कपड्यांना लागतात. बस, चार-पाच वाक्यं, पण हे वाचल्यावर लहान मुलाला चेस्ट का म्हणत नाहीत ते आपोआप कळतं, ज्याला मोह म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्याने आवरायचं काय? मूल इनोसंट असतं, प्युअर असतं, पण चेस्ट हा मोठ्या माणसाच्या निर्धाराचा शब्द आहे. कुठल्याही रांगेतून हे कळलं नसतं.

इथून एक उपरस्ता फुटतो तो पण घ्या, कारण यात भलेभले गोंधळतात. चॅस्टिटी (चेस्टचंच नाम), सेलिबसी आणि अ‍ॅब्स्टिनन्स. तिन्हींना आपण सरसकट ब्रह्मचर्य म्हणतो. सेलिबसीचं मूळ लॅटिनमधल्या ‘अविवाहित’ या शब्दात आहे, म्हणजे मुळात तो लग्न न करण्याचा शब्द, शरीरसंबंध न ठेवणं हा अर्थ नंतर त्याला चिकटला आणि आता तोच जास्त ऐकू येतो. अ‍ॅब्स्टिनन्स म्हणजे नुसतं एखाद्या गोष्टीपासून लांब राहणं, ती गोष्ट दारूही असू शकते. आणि चॅस्टिटी लग्न झालेल्या माणसालाही लागू होते! कॅथलिक शिकवणीत तर नवरा-बायकोनेही चॅस्टिटी पाळायची असं सांगितलेलं आहे, तिथे अर्थ एकनिष्ठा आणि संयम असा होतो. म्हणून ‘शी इज मॅरीड अँड चेस्ट’ हे वाक्य बरोबर आहे, त्यात काहीही विचित्र नाही, आणि मराठी करताना ब्रह्मचारी घातलंत की सगळं उलटं होईल.

नाईव्हची चौकट पण भरीव आहे, त्यात नॅचरल, इन्जेन्युअस, नाईव्ह, अनसॉफिस्टिकेटेड, आर्टलेस असे पाच जण आहेत. थोडक्यात सांगते. इन्जेन्युअस माणसाला मनातलं लपवताच येत नाही. नाईव्ह माणसाला जगाचा अनुभव नाही म्हणून तो पटकन विश्वास ठेवतो. अनसॉफिस्टिकेटेड माणसाला चारचौघांत कसं वावरायचं याची सवय नाही. आर्टलेस माणसाला आपल्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम होतोय याची जाणीव नाही. बघा, चौघांनाही आपण साधाभोळा म्हणू, पण चौघांमध्ये नसलेली गोष्ट वेगवेगळी आहे, एकात लपवण्याची कला नाही, दुसऱ्यात अनुभव नाही, तिसऱ्यात वावरण्याची सवय नाही, चौथ्यात जाणीव नाही. या गोतावळ्यातला शब्द निवडताना मी आता हाच प्रश्न विचारते, की नेमकं काय नाहीये? अपराध नाहीये, भेसळ नाहीये, डाग नाहीये, कपट नाहीये, की अनुभव नाहीये. उत्तर मिळालं की शब्द मिळतो. गाईललेस म्हणजे कपट नाही, आणि हे नेहमी कौतुकच असतं. गलिबल म्हणजे सहज फसणारा, आणि हे कधीच कौतुक नसतं. नाईव्ह या दोघांच्या मधे लोंबकळतो आणि बहुतेक वेळा गलिबलच्या बाजूला कलतो.

मात्र नाईव्हचा एक कोपरा असा आहे जिथे त्यात टोमणा अजिबात नसतो, आणि तो चौकटीत नाही, अर्थांच्या यादीत खाली शोधावा लागतो. वैद्यकात ‘ट्रीटमेंट-नाईव्ह’ पेशंट म्हणजे ज्याने त्या आजारावरचं औषध आधी कधीच घेतलेलं नाही. शरीरातल्या नाईव्ह टी-सेल (रोगाशी लढणाऱ्या पेशी) म्हणजे ज्यांची अजून आपल्या लक्ष्याशी गाठ पडलेली नाही. कम्प्युटरवाल्यांचं नाईव्ह बेज म्हणजे सगळे गुणधर्म एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असं भाबडेपणाने धरून चालणारी वर्गीकरणाची पद्धत. हे भाषांतर करणाऱ्याला माहिती नसेल तर पेशंट ‘भोळा’ होऊन बसतो.

इनोसंटसाठी मात्र लर्नर्स डिक्शनरी पुढे आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कुठलीही घ्या. या डिक्शनऱ्या परभाषिकांसाठीच असतात, लाँगमनने तर 1978 च्या पहिल्या आवृत्तीपासून सगळे अर्थ सुमारे 2000 सोप्या शब्दांतच सांगायचं बंधन स्वतःवर घालून घेतलं, त्यामुळे अर्थातला शब्द बघायला पुन्हा डिक्शनरी उघडा हा वैताग नाही. आणि अर्थ वेगवेगळे करून, प्रत्येकाखाली वाक्यं देऊन दाखवतात. गुन्हा न केलेला इनोसंट, त्याच्यापुढे ‘ऑफ’ येतो. युद्धात, अपघातात भरडला गेलेला पण त्याच्याशी काही देणंघेणं नसलेला इनोसंट, तो व्हिक्टिम किंवा बायस्टँडरच्या आधी येतो. हेतू वाईट नसलेला इनोसंट, प्रश्नाला किंवा शेऱ्याला लागतो. आणि जगातलं वाईट अजून न पाहिलेला इनोसंट, लहान मुलांना लागतो.

या चारही अर्थांना बांधणारा धागा मात्र लर्नर्स डिक्शनरीत मिळत नाही, तो मिळतो ऑनलाईन एटिमॉलॉजी डिक्शनरीत, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या कोशात, डग्लस हार्परची वेबसाईट आहे ती, फुकट आहे आणि मनापासून केलेली आहे. इनोसंट म्हणजे लॅटिनमध्ये ‘इजा न करणारा’. विषारी या अर्थाचा नॉक्शस आणि निरुपद्रवी या अर्थाचा इनॉक्युअस हे त्याच मुळाचे. हे कळलं की डॉक्टर ‘इनोसंट मर्मर’ का म्हणतात ते लगेच उमगतं. हृदयाच्या ठोक्यांबरोबर ऐकू येणारा जास्तीचा आवाज, लहान मुलांमध्ये बराच आढळतो, हृदयात दोष नसतो, इजा नाही म्हणून इनोसंट. घाबरलेल्या आईबापांना हा शब्द नीट समजावून सांगितला तर किती दिलासा मिळेल! तिथे ‘निष्पाप आवाज’ कुणी लिहू नका, निर्धोक लिहा.

कायद्यातला इनोसंट हा जरा जपून वापरायचा शब्द आहे आणि इथे सगळ्याच डिक्शनऱ्या थोड्या कमी पडतात. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 11 व्या कलमात दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीला इनोसंट मानायचं असं लिहिलंय. पण खटला संपतो तेव्हा इंग्रजी पद्धतीच्या कोर्टात निकाल ‘नॉट गिल्टी’ असा येतो, ‘इनोसंट’ असा येत नाही. नॉट गिल्टी म्हणजे सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, एवढंच. त्याने गुन्हा केलाच नाही असं कोर्ट त्या शब्दांत म्हणत नाही. बातम्यांमध्ये हे दोन सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात. ‘तो सुटला’ आणि ‘त्याने केलंच नव्हतं’ यातला फरक आपल्याला मराठीत कळतो, मग इंग्रजीत लिहितानाही पाळायला हवा.

एटिमॉलॉजीच्या साईटवर या गोतावळ्यात रमायला होतं. कॅन्डिड म्हणजे आज मोकळेपणाने बोलणारा, पण मूळ अर्थ पांढराशुभ्र, आणि निवडणुकीला उभं राहणारे रोमन लोक पांढरा शुभ्र टोगा घालायचे म्हणून कँडिडेट. सॉफिस्टिकेट या क्रियापदाचा जुना अर्थ भेसळ करणं असा होता, म्हणजे अनसॉफिस्टिकेटेड हा शब्द एके काळी चक्क ‘शुद्ध, बिनभेसळ’ होता आणि आज तो ‘गावंढळ’च्या जवळ गेलाय. सिली तर जुन्या इंग्रजीत सुखी, धन्य होता, मग निरागस झाला, मग बिचारा, मग दुबळा, आणि शेवटी मूर्ख. निरागसपणाचे शब्द मूर्खपणाकडे घसरत जातात हे आपल्याकडेही दिसतं, भोळा आणि भोळसट शेजारी ठेवून बघा. सिन्सिअरबद्दल जी गोष्ट सगळीकडे फिरते, की शिल्पकार तडे मेणाने बुजवायचे आणि मेण नसलेली मूर्ती ती ‘सिने सेरा’, तिला आधार नाही, शब्दाचा मूळ अर्थ सरळ ‘स्वच्छ, निर्भेळ’ असाच आहे. एवढी गोड गोष्ट असूनही ही साईट ती खरी म्हणून खपवत नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे.

आणि इन्जेन्युअस-इन्जीनियसचा घोटाळा. पहिला निष्कपट, दुसरा कल्पक. 17 व्या शतकात इंग्रज स्वतःच हे दोन एकमेकांच्या जागी वापरत होते, आणि त्याचा कायमचा परिणाम असा झाला की इन्जेन्युइटी हा शब्द दिसायला निष्कपटाच्या घरातला, पण अर्थ कल्पकता. तेव्हा शिकणाऱ्याचा गोंधळ होत असेल तर त्यात त्याचा दोष नाही. डिसइन्जेन्युअस मात्र लक्षात ठेवाच, म्हणजे माहिती असून माहिती नसल्याचा आव आणणारा, चर्चांमध्ये, लेखांमध्ये सतत लागतो.

व्हर्जिन आणि इमॅक्युलेट यांच्यासाठी नुसती डिक्शनरी पुरत नाही. व्हर्जिन वस्तूंना लागतो तेव्हा तो ‘अजून कुणी हात न लावलेलं, प्रक्रिया न केलेलं’ असा होतो. व्हर्जिन फॉरेस्ट, पुन्हा वापरातून न आलेली व्हर्जिन वूल. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाला तर आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, रसायनं न वापरता काढलेलं आणि 100 ग्रॅममध्ये मुक्त आम्ल 0.8 ग्रॅमच्या वर नको, नुसत्या व्हर्जिनला 2 ग्रॅमपर्यंत चालतं. इमॅक्युलेट म्हणजे डाग नसलेलं, मॅक्युला म्हणजे डाग, डोळ्याच्या पडद्यावरच्या ठिपक्यालाही मॅक्युलाच म्हणतात. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे कुमारी मातेच्या पोटी येशूचा जन्म असं खूप जण समजतात, इंग्रजी बोलणारेसुद्धा. तसं नाहीये. ते स्वतः मेरीबद्दल आहे, तिच्या आईच्या पोटी ती आली तेव्हापासूनच मूळ पापाचा (ख्रिस्ती समजुतीप्रमाणे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापाचा) डाग तिला नव्हता असं, आणि पोप नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1854 ला ते अधिकृत मत म्हणून जाहीर केलं. येशूच्या जन्माला ‘व्हर्जिन बर्थ’ म्हणतात. एक डाग नसण्याबद्दल, दुसरा पुरुषसंबंध नसण्याबद्दल, दोन वेगळ्या बायकांच्या पोटातल्या दोन वेगळ्या बाळांबद्दल!

प्रिस्टीन पटकन उरकते. मूळ अर्थ ‘पूर्वीचं, आरंभीचं’, आज लोक ‘चकचकीत नवं’ म्हणून वापरतात, दोन्ही अर्थ डिक्शनरीत आहेत, न बिघडलेल्या निसर्गाला वापरलात तर दोन्ही बाजूंचे लोक खूश.

मेरियम-वेबस्टरच्या उणिवा पण सांगायला हव्यात. चौकट प्रत्येक शब्दाला नाही, नेमकं ज्याला हवी त्याला कधी कधी नसते आणि शेजारच्या शब्दाला असते, म्हणून दोन-तीन शब्द टाकून बघायची तयारी ठेवा. चौकटीची भाषा कठीण आहे, फरक सांगताना वापरलेले शब्दच नवख्याला अडतात, त्यासाठीच लर्नर्स डिक्शनरी जोडीला म्हटलं. फुकट वापरताना जाहिराती मधे मधे येतात आणि फोनच्या छोट्या स्क्रीनवर चौकट खूप खाली जाते. आणि मला सगळ्यात जास्त हवी असलेली गोष्ट तिथे नाही, ती म्हणजे चुकीचं वाक्य. हा शब्द इथे चालतो याच्या शेजारी हा शब्द इथे का चालत नाही याचं एखादं उदाहरण असतं तर शिकणाऱ्याची वर्षं वाचली असती.

इंग्रजी-मराठी अ‍ॅपबद्दल एकच, वर सांगितलेल्या निम्म्या शब्दांना ती ‘शुद्ध, पवित्र, निष्पाप’ हेच त्रिकूट देतात, त्यामुळे अंदाजापुरतं ठीक, लिहिण्यासाठी नाही.

पाचपैकी मी मेरियम-वेबस्टरच्या चौकटीला साडेचार देईन, लर्नर्स डिक्शनऱ्यांना चार, एटिमॉलॉजीच्या साईटला साडेचार, आणि रांगवाल्या अ‍ॅपना दोन. शाळेतल्या मुलांनी लर्नर्सपासूनच सुरुवात करावी. ज्यांना रोज इंग्रजीत लिहावं लागतं त्यांनी चौकट बघायची सवय लावून घ्या, आणि आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांतलं ‘स्पोक इन चेस्ट मराठी’ (म्हणजे अस्सल, शुद्ध मराठीत बोलले) हे वाचून तुम्हीही तसं लिहीत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, भारताबाहेरचा वाचक तिथे अडखळू शकतो, त्याच्यासाठी साधं ‘प्युअर’ किंवा ‘फॉर्मल’ लिहा.